सांधेदुखीवर ‘करंटचे मशीन’ : घेण्याआधी आणि लावण्याआधी



आपल्या कार्यक्षेत्रात असे घर विरळा, की ज्यातले कोणी ना कोणी ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीला नाही. आधीची पिढी गिरणीत, रेल्वेत, पोलिसात गेली. आता मुले-नातवंडे कंपन्यांत आहेत. ही मंडळी सणाला, गावच्या यात्रेला येताना अलीकडे पिशवीतून एक नवी वस्तू आणू लागली आहेत. हाताच्या पंजात मावेल एवढी डबी, तिला दोन किंवा चार वायरी आणि वायरींच्या टोकाला चिकटणाऱ्या पट्ट्या. "आईचे गुडघे दुखतात ना, तिला रोज लावा," एवढे सांगून मुलगा परतीची गाडी धरतो. घरात राहते ते मशीन, त्याचे इंग्रजी माहितीपत्रक आणि करंटची धास्ती.

मग प्रश्न सुरू होतात. हा करंट बाधत नाही ना? याने गुडघा बरा होतो का? साखरेच्या आजाराला चालते का? अजून घेतले नसेल तर दोन-चार हजार रुपये घालावेत का? या प्रश्नांची उत्तरे एकत्र द्यावीत म्हणून हा लेख.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. हे मशीन कळ काही वेळ दाबते, सांधा दुरुस्त करत नाही. कळ दबलेल्या वेळात चालणे आणि व्यायाम झाला, तर पैसे कारणी लागले. नुसते पट्ट्या लावून बसून राहिले, तर फायदा थोडा. आणि डॉक्टरकडे जायचे टळले, तर नुकसान.

मशीन म्हणजे काय?

डॉक्टर याला ‘टेन्स’ म्हणतात. कातडीवरून विजेचे बारीक ठोके देऊन आतल्या मज्जातंतूंना जागे करायचे, असा त्या इंग्रजी नावाचा अर्थ. बहुतेक डब्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा आत बसवलेल्या चार्जिंगच्या बॅटरीवर चालतात. आपल्या विहिरीवरची मोटर थ्री फेजच्या ४०० व्होल्टच्या वर चालते. तिचा आणि याचा काही संबंध नाही. टेन्सचा करंट मिलीअँपिअरमध्ये मोजतात, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात. एक ठोका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा इतका आखूड, साधारण ५० ते २५० भागांचा असतो. म्हणून अंगाला मुंग्या आल्यासारखे वाटते, झटका बसत नाही.

येथेच एक ताकीद. रानडुकरांसाठी कुंपणाला जोडतो त्या झटका मशीनमध्येही बॅटरी असते, पण ते हजारो व्होल्टचा झटका देते. घरातल्या विजेला किंवा अशा यंत्राला वायरी जोडून ‘घरगुती टेन्स’ करण्याचा उद्योग कोणी करू नये. जीव जाईल.

दवाखान्यात ‘आय.एफ.टी.’ म्हणून करंटचे मोठे मशीन लावतात, ते वेगळे. स्नायू आकसवणारे ‘ई.एम.एस.’ वेगळे. नुसते थरथरणारे मालिशचे यंत्र त्याहून वेगळे. दुकानात हे सगळे एकाच फळीवर असते, म्हणून विकत घेताना नाव नीट वाचून घ्यावे.

कळ दबते कशी?

कोपर भिंतीवर आपटले की आपण नकळत तिथे हात चोळतो आणि बरे वाटते. यामागचे कारण १९६५ साली कॅनडाचे रोनाल्ड मेलझॅक आणि इंग्लंडचे पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडले. त्यांनी त्याला ‘दाराचा सिद्धान्त’ असे नाव दिले. पाटाचे पाणी ज्याने धरले आहे त्याला तो समजायला वेळ लागणार नाही.

पाटाला दार असते आणि दार किती उघडायचे त्यावर शेतात पाणी किती येणार हे ठरते. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत असेच दार असते असे समजा. गुडघ्यातली कळ बारीक तंतूंवरून येते, तर स्पर्श, चोळणे, मुंग्या यांचा निरोप जाड तंतूंवरून येतो आणि लवकर पोचतो. जाड तंतूंचा निरोप जोरात आला की दार बरेचसे ओढले जाते आणि कळेचा निरोप मेंदूकडे कमी जातो. टेन्सच्या मुंग्या नेमके हेच काम करतात. १९६७ साली वॉल आणि त्यांचे सहकारी विल्यम स्वीट यांनी असा करंट आधी स्वतःला देऊन पाहिला, मग रोग्यांना दिला. आजची डबी त्याच प्रयोगातून पुढे आली.

सेकंदाला ८० ते १२० ठोके दिले की मुंग्या येतात आणि दाराचे काम होते. सेकंदाला २ ते ४ असे मंद, जोरकस ठोके दिले, तर शरीरातच तयार होणारी अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये पाझरतात, असेही आढळले आहे. दाराच्या कल्पनेत नंतर पुष्कळ भर पडली, पण मूळ विचार टिकून आहे.

आता यातली मेख बघा. दार लावले म्हणून धरणातले पाणी आटत नाही. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, झिजली असेल तर ती टेन्सने भरून येत नाही. "महिनाभर लावा, गुडघा नवा होईल" असे कोणी सांगत असेल, तर तो माल विकतो आहे असे समजावे.

शास्त्र काय म्हणते?

येथे आम्ही दोन्ही बाजू मांडतो, कारण डॉक्टरांतही एकमत नाही.

ब्रिटनच्या आरोग्यसेवेला सल्ला देणारी ‘नाइस’ नावाची संस्था आहे. झिजेच्या सांधेदुखीत इतर उपायांच्या जोडीला टेन्स वापरून पाहण्यास तिने २००८ साली आणि पुन्हा २०१४ साली वाव दिला होता. २०२२ साली मात्र, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, म्हणून देऊ नये, असे तिने सांगितले. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ सालीच गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी टेन्स नको असे मत दिले. दुसरीकडे २०२२ सालीच निरनिराळ्या दुखण्यांवरच्या ३८१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. त्यात खोट्या मशीनपेक्षा खऱ्या टेन्सने, लावलेले असताना आणि लगेच नंतर, कळ कमी होते असे दिसले.

खोटे मशीन म्हणजे दिवा लागतो पण करंट येत नाही असे. नवे खत तपासताना आपण शेजारी बिनखताचा प्लॉट ठेवतो, तसेच हे. यात अडचण अशी, की मुंग्या येतात की नाही हे रोग्याला कळतेच. त्यामुळे खरा प्लॉट कोणता हे लपून राहत नाही आणि निकाल गढूळ होतो.

दोन्ही मतांचा मेळ आम्ही असा लावतो. लावलेले असताना आराम मिळण्याची शक्यता बरी आहे. महिनोन्महिन्यांचा टिकाऊ फायदा सिद्ध झालेला नाही. कोणाला लागू पडेल हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी फिजिओथेरपिस्टकडे दोन-चार वेळा लावून बघावे, आणि मगच खरेदीचा विचार करावा.

कोणी लावू नये

हा भाग दोनदा वाचावा आणि घरातल्यांना वाचून दाखवावा.

१. हृदयाला पेसमेकर किंवा झटका देणारे यंत्र बसवले असेल, त्यांनी आपल्या मनाने अजिबात लावू नये. टेन्सच्या ठोक्यांनी त्या यंत्राची फसगत होऊ शकते.

२. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. पोटावर, कमरेवर तर नाहीच.

३. फेफऱ्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. डोक्यावर, मानेवर लावू नये.

४. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर, छातीवर पट्टी लावू नये. हा नियम सर्वांना आहे.

५. जखम, इसब, सुजलेली लाल कातडी, कॅन्सरची गाठ किंवा शिरेत रक्ताची गुठळी झालेली जागा येथे लावू नये.

६. साखरेच्या आजाराने पाय बधिर झाले असतील तर तिथे लावू नये. डोळे मिटून बसावे आणि घरच्यांनी कापसाचा बोळा व पेनचे बोथट टोक आळीपाळीने टेकवावे. कोणते काय हे सांगता आले नाही, तर त्या जागी पट्टी लावायची नाही. संवेदनाच नाही तर करंट जास्त झाला हे कळणार नाही आणि कातडी भाजेल.

७. कृत्रिम सांधा बसवला असेल तर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

लावण्याची रीत

कातडी साबणाने धुऊन कोरडी करावी. गुडघ्याला तेल किंवा बाम चोळून त्यावरच पट्टी लावण्याची सवय पुष्कळांना आहे, ती सोडावी. तेलाने पट्टी धरत नाही आणि बामाने आग होते.

मशीन बंद ठेवूनच पट्ट्या लावाव्यात. गुडघ्यासाठी वाटीच्या वरच्या अंगाला दोन आणि खालच्या अंगाला दोन, अशा दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना. दोनच असतील तर एक आतल्या बाजूस, एक बाहेरच्या. पट्ट्या एकमेकींना चिकटू देऊ नयेत, बोटभर तरी अंतर हवे. पट्टीची कड उचलली गेली असेल तर करंट उरलेल्या जागेत एकवटतो आणि टोचतो. मोटरच्या स्टार्टरमध्ये वायर ढिली झाली की ठिणगी उडते, तसलाच प्रकार.

मग मशीन चालू करून आकडा शून्यापासून हळूहळू वाढवावा. मुंग्या चांगल्या जोरदार, पण सोसवतील अशा हव्यात. अगदी हलक्या मुंग्यांनी काम होत नाही, आणि "जास्त करंट, जास्त गुण" हेही खरे नाही. दुखू लागले किंवा स्नायू उडू लागले तर आकडा कमी करावा. पाच-दहा मिनिटांनी मुंग्या बोथट वाटतात, तेव्हा थोडा वाढवावा.

एका वेळी अर्धा तास पुरे. दिवसातून दोन-तीनदा चालते. संपल्यावर आकडा शून्यावर आणून मशीन बंद करावे, मग पट्ट्या काढाव्यात. कातडी किंचित लाल होते, ती तासाभरात पूर्ववत व्हायला हवी. पुरळ आले किंवा भाजल्यासारखे झाले तर बंद करावे.

झोपेत, अंघोळीत, मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवताना, मळणी यंत्राजवळ काम करताना लावू नये. चार्जिंगला लावलेले असताना अंगाला लावू नये. एकाच्या पट्ट्या दुसऱ्याने वापरू नयेत. ठाणे-डोंबिवलीकडची हवा खाडीमुळे दमट, तिथे घामाने पट्टी सुटते. आपल्याकडे उन्हाळ्यात पट्टीचा डिंक वाळतो. काम झाले की मूळच्या प्लॅस्टिकवर चिकटवून पिशवीत ठेवावी. चिकटेनाशी झाली की बदलावी, वरून चिकटपट्टी मारून चालवू नये.

दोन आठवड्यांचा हिशेब

आपल्या काट्यावर गाडीचे भरलेले वजन घेतो आणि रिकामेही घेतो. एकच वजन घेतले तर उसाचे टनेज कळेल का? मशीनचाही हिशेब तसाच ठेवावा. वहीत रोज चार रकाने करावेत : लावण्याआधी कळ दहापैकी किती, लावलेले असताना किती, काढल्यावर तासाभराने किती आणि त्या दिवशी चालणे किती झाले. दोन आठवड्यांनी वही बघावी. कळ दोन-तीन आकड्यांनी उतरत असेल आणि चालणे वाढत असेल तर मशीन उपयोगी. आकडे जागच्या जागी असतील तर मशीन परत द्यावे, कपाटात पडू देऊ नये.

किमती हजार-दीड हजारापासून पाच-सहा हजारांपर्यंत सांगितल्या जातात. शिवाय पट्ट्यांचा खर्च चालूच राहतो. घेताना पावती घ्यावी, परत करण्याची मुदत विचारावी. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात अशी वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. तेव्हा खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक छापलेला नसेल तर घेऊ नये.

दबलेल्या वेळाचा उपयोग

झिजेच्या सांधेदुखीत व्यायाम आणि वजन उतरवणे यांबद्दल मात्र डॉक्टरांत वाद नाही. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार वाटला जातो. खुर्चीवर किंवा खाटेच्या कडेला बसून पाय सरळ करावा, पाच मोजेपर्यंत धरावा, हळू खाली आणावा. असे प्रत्येक पायाला दहा वेळा. मग हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, झेपेल तेवढे. मग चालणे. व्यायाम करायचा तो मशीन लावून आराम पडल्यावर, म्हणजे अंग चोरले जात नाही.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की वजन एक किलो घटले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. दिवसाची हजारो पावले धरा आणि गुणाकार आपणच करा.

काठी घ्यायला लाजू नये, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. खुरपणीला, धार काढायला उकिडवे बसण्याऐवजी बुटके स्टूल घ्यावे. संडासात खुर्ची किंवा कमोड बसवणे हाही औषधोपचारच आहे.

दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांविषयीही बोलले पाहिजे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे, ती मेलेली जनावरे खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. आकाशातून गिधाडे दिसेनाशी झाली, आणि २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद करण्यात आले. माणसाला डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात, त्यात वावगे नाही. पण सल्ल्याशिवाय महिनोन्महिने अशा गोळ्या घेतल्या तर पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे खराब होऊ शकतात. टेन्समुळे आठवड्याच्या दोन गोळ्या कमी झाल्या, तरी तो मोठा लाभ समजावा.

ठाणे-डोंबिवलीला गेल्यावर

आपले पुष्कळ वडीलधारे उन्हाळ्यात मुलांकडे महिना-दोन महिने राहतात. तिकडच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नसते आणि गुडघ्याची परीक्षा जिन्यात होते. नियम सोपा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि हात कठड्याला. स्टेशनच्या पुलावरही हेच.

तो मुक्काम तपासणीसाठी वापरावा. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महानगरपालिकेचे आहे आणि त्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही रुग्णालये कल्याण-डोंबिवली महापालिकेची आहेत. हाडांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून, जुने कागद आणि एक्स-रे घेऊन सकाळीच जावे. खासगी फिजिओथेरपिस्टकडे गेलात तर त्यांची राज्य परिषदेकडची नोंदणी विचारण्यात संकोच नको. मशीन घेतलेच असेल तर बरोबर न्यावे आणि पट्ट्यांच्या जागा त्यांच्याकडून पेनने आखून घ्याव्यात.

आणि सून-मुलाचीही चौकशी करावी. कल्याण-डोंबिवलीहून लोकलमध्ये उभ्याने रोज मुंबई गाठणाऱ्यांचे गुडघे आणि कंबर तरुणपणीच कुरकुरू लागतात. त्यांनाही हेच नियम. गर्दीच्या गाडीत पट्ट्या लावून प्रवास करू नये.

दुखणे झाकू नका

पुढील लक्षणे असतील तर मशीन बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सांधा एकाएकी लाल, गरम झाला, सुजला आणि ताप आला. पडल्यानंतर पायावर भार देता येत नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखते. आणि छातीत दाब, घाम यांबरोबर डावा खांदा किंवा हात दुखतो. हे सांध्याचे नव्हे, हृदयाचे दुखणे असू शकते, तेव्हा १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात जावे.

सकाळी बोटांचे सांधे तासभर आखडलेले राहत असतील, रात्री झोप मोडणारी कळ असेल, वजन उतरत असेल, किंवा चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने धरलेले असतील, तरी तपासणी लांबवू नये. आमवातासारख्या दुखण्यावर वेळेत औषधे सुरू झाली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. ते काम कोणत्याही डबीने होणार नाही.

‘कोणी लावू नये’ हा भाग कापून मशीनच्या खोक्यात ठेवावा, आणि हा अंक मुंबईकडच्या मुलांनाही जरूर पाठवावा.